मोड आणि जोड
(प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गापुढे दिलेले व्याख्यान)

आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय दिसायला लहान आहे. अपूर्णांकाचे आणखी लहान भाग कसे पाडावेत आणि ते मुलांना कसे शिकवावे, एवढाच तो विषय. आपल्या पाठ्यक्रमात अपूर्णांकांची बेरीज आहे, वजाबाकी आहे, गुणाकार व भागाकारही आहेत. परंतु अपूर्णांक मोडणे या नावाचे स्वतंत्र प्रकरण सहसा आढळत नाही. माझे म्हणणे असे की, हे प्रकरण बेरजेच्या आधी यावयास हवे. ज्या मुलाला अपूर्णांक मोडता येतो, त्याला तो जोडताही येतो. आणि ज्याला मोडता येत नाही, त्याची बेरीज बरोबर आली तरी ती पाठ केलेली असते, उमगलेली नसते.

मोडणे हा शब्द मी बाजारातून उचललेला आहे. आपण शंभराची नोट मोडतो आणि दुकानदाराकडून तिची मोड मोजून घेतो. नोटेची मोड झाली म्हणून पैसे कमी झाले, असे कोणी म्हणत नाही. उलट हातात मोड असली तरच भाजीचे पंचवीस आणि बसचे दहा रुपये सुटे देता येतात. अपूर्णांकाचेही असेच आहे. तुकडे बदलले तरी मोल तेच राहते, आणि सोयीचे तुकडे हाती असले म्हणजे व्यवहार सुकर होतो. ही एक गोष्ट मुलाच्या मनात पक्की बसली, तर पुढचे निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहू. पाचवी-सहावीच्या कोणत्याही वर्गात १/२ + १/३ ही बेरीज फळ्यावर लिहा. काही मुले हमखास २/५ असे उत्तर देतात. वरच्याची वरच्याशी आणि खालच्याची खालच्याशी बेरीज! ही चूक एका शाळेची किंवा एका प्रांताची नाही. अनेक देशांतल्या वर्गांत ती पुन्हा पुन्हा आढळलेली आहे. आपण बहुधा तिला हयगय म्हणतो, लाल रेघ ओढतो आणि लसावि काढण्याची रीत पुन्हा सांगतो. पण जरा थांबून विचार करावा. २/५ हे अर्ध्याहून कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आले, तरी मुलाला काहीच खटकत नाही. का खटकत नाही? कारण त्याच्या दृष्टीने १/२ हे एक परिमाण नव्हेच. एका रेघेच्या वर आणि खाली ठेवलेले ते दोन वेगवेगळे आकडे आहेत. आकडे दिसले की बेरीज करावी, हे आपणच त्याला शिकवलेले असते. तेव्हा हे मूल बेफिकीर नसते. आपण दिलेली शिकवण ते आज्ञाधारकपणे पाळत असते.

याच्या उलट एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. आईच्या भाजीच्या गाड्यावर संध्याकाळी मदत करणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. एका गिऱ्हाइकाने पाऊण किलो टोमॅटो घेतले आणि नंतर आणखी अर्धा किलो मागितले, तर सव्वा किलो झाले हे सांगायला तिला क्षणही लागत नाही. तीच मुलगी सकाळी वर्गात ३/४ + १/२ या बेरजेपुढे अडते आणि ४/६ लिहून मोकळी होते. गाड्यावर तिने काय केले? अर्ध्याचे दोन पाव केले. एक पाव पाऊणात घालून किलो पुरा केला. उरलेला पाव वर ठेवला. म्हणजे तिने अपूर्णांक मोडला आणि मग जोडला. हे ज्ञान तिच्यापाशी आहे. फळ्यावरच्या चिन्हांचा या ज्ञानाशी काही संबंध आहे, हे मात्र तिला कोणी दाखवून दिलेले नाही. शाळेचे गणित वेगळे आणि आपले शहाणपण वेगळे, अशी तिची हळूहळू समजूत होत जाते. आणि त्यातले दुसरे कमअस्सल आहे, असेही तिला वाटू लागते. अपूर्णांकांच्या प्रकरणात होणारी खरी हानी ती ही.

मग आरंभ कोठून करावा? वाटणीपासून. मुलाला वाटणी शिकवावी लागत नाही. आपल्या वाट्याला कमी आले की नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते.

समजा, तीन पोळ्या आहेत आणि चार मुले आहेत. प्रत्येकाला सारखे मिळाले पाहिजे. कागदाच्या गोल पोळ्या कापून मुलांच्या हाती द्याव्यात आणि आपण गप्प बसावे. थोड्या वेळाने दोन प्रकारची वाटणी पुढे येईल. काही मुले प्रत्येक पोळीचे चार भाग करतील आणि प्रत्येकाला तीन चतकोर देतील. काही मुले आधी दोन पोळ्यांचे अर्धे अर्धे करतील, प्रत्येकाला अर्धी देतील आणि राहिलेल्या तिसऱ्या पोळीचे चार चतकोर करून एकेक वाटतील. आता दोन्ही वाटे शेजारी ठेवावेत आणि विचारावे, कोणाला जास्त मिळाले? दोन्हीकडे पोळ्या तीन, मुले चार, वाटणी सारखी. तेव्हा वाटाही सारखाच. म्हणजे

३/४ = १/४ + १/४ + १/४,
आणि ३/४ = १/२ + १/४.

ही ओळ फळ्यावर शेवटी लिहावी, आधी नव्हे. मुलांनी हातांनी जे केले त्याची ती नोंद आहे, एवढेच त्यांना जाणवले पाहिजे. पहिल्या रीतीने बारा तुकडे होतात, दुसरीने आठच, हे त्यांना मोजू द्यावे. कमी तुकड्यांत आणि मोठ्या तुकड्यांत वाटणी करण्याची हौस मुलांना उपजतच असते. ती हौस म्हणजेच चांगले गणित होय.

आता पाच पोळ्या आणि सहा मुले घेऊ. तीन पोळ्यांचे अर्धे केले की सहा अर्धे होतात, प्रत्येकाला एक. राहिलेल्या दोन पोळ्यांचे तीन-तीन भाग केले की सहा तृतीयांश होतात, प्रत्येकाला एक. प्रत्येकाचा वाटा १/२ आणि १/३. पण पाच पोळ्या सहांत वाटल्या म्हणजे वाटा ५/६ असतो, हे मुलांना ठाऊक आहे. तेव्हा

५/६ = १/२ + १/३.

मघाची अवघड बेरीज आपण केव्हा करून बसलो, हे मुलांच्या लक्षातही येत नाही. लसाविचे नावही निघालेले नाही. अशा मुलाला पुढे कोणी २/५ हे उत्तर दाखवले, तर ते रागावून म्हणेल की, अर्धा तर आधीच हातात आहे, मग अर्ध्याहून कमी कसे होईल? हा राग निर्माण करणे, हेच आपले काम आहे.

याच दोन वाटण्यांतून आणखी एक प्रश्न सुटतो. तीन पोळ्या चौघांत वाटणे चांगले की पाच पोळ्या सहांत? दोन्हीकडे प्रत्येकाला अर्धी मिळाली. त्यावर एकीकडे पाव आणि दुसरीकडे तृतीयांश. तृतीयांश मोठा, म्हणून ५/६ मोठा. छेद समान न करता लहानमोठेपणा ठरला. सात पोळ्या आणि चार मुले घेतली, तर प्रत्येकाला एक पूर्ण देऊन उरलेल्या तीन पोळ्या पूर्वीप्रमाणे वाटता येतात; वाटा १ + १/२ + १/४, म्हणजेच ७/४, पावणेदोन. एकाच पोळीचे तुकडे रंगवत बसलेल्या मुलाला ७/४ हा अंशाधिक अपूर्णांक अशक्य वाटतो. चार भागांतले सात कसे घेणार, असे ते विचारते आणि त्याचे म्हणणे रास्तही असते. वाटणी करणाऱ्या मुलाला ही अडचण पडत नाही.

वाटणीतून अपूर्णांक शिकवण्याचा हा विचार माझा एकट्याचा नाही. हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेनथाल या गणितज्ञाच्या परंपरेत वाढलेल्या लेएन स्ट्रेफलांड यांनी याच पायावर अपूर्णांकांचा अभ्यासक्रम रचला आणि १९९१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही समान वाटणीच्या आधारे मुलांना अपूर्णांक शिकवून पाहिले आहेत. परंतु या विचाराचे मूळ फार जुने आहे. त्यासाठी आपल्याला प्राचीन ईजिप्तमध्ये जावे लागेल.

हेन्री ऱ्हिंड नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८५८ साली लक्झर येथे एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास आह्‌मेस नावाच्या लेखनिकाने ती त्याहूनही जुन्या लेखावरून उतरवून काढली होती. तिच्यातील पहिली सहा उदाहरणे भाकऱ्यांच्या वाटणीची आहेत. दहा माणसांत एक, दोन, सहा, सात, आठ आणि नऊ भाकऱ्या कशा वाटाव्यात, असे ते प्रश्न आहेत. नऊ भाकऱ्या दहा जणांत वाटल्या, तर आपण ९/१० म्हणून मोकळे होऊ. आह्‌मेसचे उत्तर वेगळे आहे : २/३, १/५ आणि १/३०. दोन तृतीयांशाचा अपवाद सोडला, तर ईजिप्तचे लेखनिक अपूर्णांक लिहिताना अंशस्थानी एकच मानीत. इतर प्रत्येक अपूर्णांक ते अशा एकांशी अपूर्णांकांत मोडून लिहीत, आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा लिहीत नसत. या गुंडाळीच्या आरंभीच एक कोष्टक आहे. त्यात ३ पासून १०१ पर्यंतच्या प्रत्येक विषम संख्येने २ ला भागले असता येणारी मोड दिलेली आहे.

त्या कोष्टकात २/५ ची मोड १/३ + १/१५ अशी आहे. ती कोठून आली, हे मुलांना पोळ्यांवरून दाखवता येते. दोन पोळ्या, पाच माणसे. प्रत्येक पोळीचे तीन भाग केले की सहा तृतीयांश होतात. पाच जणांना एकेक दिला, एक उरला. त्या उरलेल्या तृतीयांशाचे पाच भाग केले; त्यांतला प्रत्येक भाग पोळीचा पंधरावा हिस्सा. प्रत्येकाला १/३ आणि १/१५. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे कोष्टक सहावीच्या मुलाला कात्री घेऊन पडताळता येते, याचा आनंद मुलांना जरूर घेऊ द्यावा.

आपल्या देशातही या मोडीचा विचार झालेला आहे, आणि तो फार सुंदर आहे. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. मद्रासच्या एम. रंगाचार्य यांनी १९१२ साली तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यातील कलासवर्ण या अपूर्णांकांच्या प्रकरणात, एक ही संख्या हव्या तितक्या एकांशी अपूर्णांकांत कशी मोडावी, याचा नियम दिलेला आहे. अशा अपूर्णांकांना त्यांनी रूपांशक राशी म्हटले आहे. रूप म्हणजे एक. त्यांच्या नियमाने

१ = १/२ + १/३ + १/६,
१ = १/२ + १/३ + १/९ + १/१८,
१ = १/२ + १/३ + १/९ + १/२७ + १/५४,

असे आपल्याला हवे तितके पुढे जाता येते. हा नियम पाठ करण्याची जरूर नाही; तो पाहण्याची जरूर आहे. एका पोळीचे दोन अर्धे करावेत. एक अर्धा बाजूला ठेवावा. दुसऱ्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करावेत आणि त्यांतले दोन एकत्र ठेवावेत. ते पोळीचा तृतीयांश झाले. उरला तो सहावा हिस्सा. आता या सहाव्या हिश्शाचे पुन्हा तीन भाग करावेत. दोन एकत्र ठेवले की ते नववा हिस्सा, उरला तो अठरावा. शेवटचा तुकडा घ्यावा, त्याचे तीन करावेत, दोन ठेवावेत, एक उरवावा. एवढी एकच कृती पुन्हा पुन्हा करायची आहे. पोळी मात्र सदैव एकच राहते. मोड कितीही बारीक केली तरी मोल बदलत नाही, याचा यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही. एनसीईआरटीच्या २०२४ साली निघालेल्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकात वेगवेगळ्या एकांशी अपूर्णांकांतून एक बनवण्याचे कोडे मुलांपुढे ठेवलेले आहे. ते कोडे आपण वेळ नाही म्हणून गाळू नये.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, मोडीच्या मोडीचे एक मिस्कील उदाहरण आहे. एका कृपणाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊणाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला. तर त्याने किती कवड्या दिल्या? हिशेब केला की १/१२८० द्रम्म येतो. लीलावतीच्याच कोष्टकाप्रमाणे वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. एवढ्या भारदस्त दानाचे मोल निघाले अवघी एक कवडी! अपूर्णांकांच्या गुणाकाराचा हा पाठ हसत हसत देता येतो, आणि मुलाला कळते की गुणाकार म्हणजे भागाचा भाग घेणे.

ग्रंथांइतकेच आपल्या भाषांनीही हे ज्ञान जपले आहे. सव्वादोन म्हणजे दोन आणि पाव; साडेतीन म्हणजे तीन आणि अर्धा; पावणेतीन म्हणजे तिनात पाव कमी. शब्दातच मोड आहे, आणि शेवटच्या शब्दात तर ती वजाबाकीने केलेली आहे. हिंदीत सवा, डेढ, ढाई, पौने हे शब्द याच घरातले. जुन्या शाळांतून मराठी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत. उत्तरेकडे अद्धा, पौना, सवैया, ढैया यांचा घोष चाले. तमिळमध्ये तर लहान अपूर्णांकांनाही स्वतंत्र नावे आहेत. विसाव्या हिश्शाला मा, ऐंशीव्या हिश्शाला काणि आणि तीनशेविसाव्या हिश्शाला मुंदिरि म्हणतात. सोळाव्या हिश्शाचे नाव आहे माकाणि, म्हणजे मा आणि काणि मिळून. पडताळून पाहावे : १/२० + १/८० = ५/८० = १/१६. एका शब्दात एक पूर्ण समीकरण सामावलेले आहे. तमिळ मुलांच्या वर्गात जो शिक्षक हा शब्द उलगडून दाखवील, त्याला दुसऱ्या उदाहरणाची गरज पडणार नाही.

हे ज्ञान व्यवहारातून कमी का झाले, याचेही कारण समजून घ्यावे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. रुपयाचा तृतीयांश बरोबर पाच आणे चार पै होई, काही उरत नसे. आज शंभर पैशांचे तीन सारखे भाग करावयास गेलो, तर एक पैसा हातात राहतो. पुढे मेट्रिक वजने आली; शेर व छटाक गेले. पंचवीस पैशांपर्यंतची नाणीही ३० जून २०११ पासून चलनातून गेली. चार आणे, आठ आणे हे शब्द आता जुन्या माणसांच्या तोंडी उरले आहेत.

मी त्या काळासाठी गळा काढणार नाही. दशमान पद्धतीने हिशेब सोपे झाले आणि ते सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. जुन्या शाळांतले पाढे पुष्कळदा छडीच्या धाकाने पाठ होत, आणि अनेक मुलांना, विशेषतः मुलींना, त्या शाळेची पायरीही चढता येत नसे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पूर्वी बाजार मुलाला मोड शिकवीत असे. आता ते काम पुष्कळसे शाळेवर आलेले आहे. बाजाराने सोडलेले काम शाळेनेही उचलले नाही, तर मुलापाशी फक्त रेघेच्या वरचा व खालचा आकडा उरतो.

आता प्रत्यक्ष वर्गासाठी काही सूचना करतो.

पहिली सूचना अशी की, गोल पोळीवर फार काळ रेंगाळू नये. वर्तुळाचे अर्धे आणि पाव सहज होतात. तीन किंवा पाच सारखे भाग करणे मुलांना कठीण जाते, आणि वाकडे तुकडे पडले की लक्ष गणितावरून उडते. वाटणीची कल्पना रुजली की कागदाची पट्टी घ्यावी. चौकटीच्या वहीतील बारा चौकटींची पट्टी फार उपयोगी पडते. तिचे २, ३, ४, ६ आणि १२ असे सारखे भाग होतात. अर्धा म्हणजे सहा चौकटी, तृतीयांश चार, पाव तीन. अर्धा व तृतीयांश मिळून दहा चौकटी, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. पोळीवर मिळालेले उत्तर पट्टीवर पुन्हा भेटते. मात्र पूर्ण वस्तू तीच असली पाहिजे, हे सतत बजावावे. लहान पट्टीचा अर्धा आणि मोठ्या पट्टीचा अर्धा सारखे नसतात.

दुसरी सूचना : एका अपूर्णांकाची एकच मोड मागू नये. ३/४ किती प्रकारांनी मोडता येईल, असे विचारावे. १/२ + १/४, ५/८ + १/८, १/३ + ५/१२, १ − १/४. मुले फळा भरून टाकतील. ज्या प्रश्नाची उत्तरे अनेक असतात, त्यात मागच्या बाकावरच्या मुलालाही एखादे सापडते. इतर मुलांनी ते पट्टीवर पडताळावे. बरोबर की चूक हे शिक्षकाने न सांगता पट्टीने सांगावे.

तिसरी सूचना सममूल्य अपूर्णांकांविषयी आहे. १/२ = २/४ = ३/६ हे आपण अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणा, असे सांगून उरकतो. त्याऐवजी अर्ध्या पट्टीची घडी घालून तिचे दोन, मग तीन भाग करून दाखवावेत. ही मोडच आहे. फक्त सर्व तुकडे सारखे आहेत. यानंतरच छेद समान करण्याची रीत द्यावी. दोन अपूर्णांक जोडताना तुकडे वेगवेगळ्या मापांचे आहेत म्हणून अडले. दोन्हींची इतकी बारीक मोड करू की सर्व तुकडे एका मापाचे होतील. लसावि म्हणजे अशा मोडीत सर्वांत कमी तुकडे कसे करावेत, याचे उत्तर. ही रीत मग आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही.

चौथी सूचना वजाबाकीसंबंधी. सव्वातीनातून पावणेदोन वजा करावयाचे आहेत. पाव एकच आहे आणि तीन पाव द्यावयाचे आहेत. तिनांतला एक मोडून त्याचे चार पाव केले की आपल्यापाशी दोन पूर्ण व पाच पाव होतात. त्यांतून एक पूर्ण व तीन पाव गेले. उरला एक पूर्ण व दोन पाव, म्हणजे दीड. दुसरीच्या वर्गात मुलांनी दशकाचे दहा सुटे केले होते. येथे पूर्णाचे चार सुटे केले. दोन्ही क्रिया एकच आहेत, हे मुलांना सांगू नये. त्यांनाच ते म्हणू द्यावे.

पाचवी सूचना थोड्या मोठ्या मुलांसाठी. १/२ = १/३ + १/६, १/३ = १/४ + १/१२, १/४ = १/५ + १/२०; या तीन ओळी फळ्यावर लिहाव्यात आणि चौथी ओळ मुलांना विचारावी. कोणीतरी १/५ = १/६ + १/३० म्हणेल. नियम काय, हेही त्यांच्याकडूनच येईल : छेदात एक मिळवावा, आणि मग त्या दोन छेदांचा गुणाकार करावा. ही बीजगणिताची पहिली पायरी आहे. पुढे वरच्या वर्गांत आंशिक अपूर्णांक शिकताना त्यांना हीच ओळख उपयोगी पडेल.

आपल्यापैकी काहींच्या मनात शंका असेल की, एवढा वेळ आहे कोठे? पाठ्यक्रम पुरा करावयाचा आहे, परीक्षा डोक्यावर आहे. याला माझे उत्तर साधे आहे. अपूर्णांकांची रीत आपण पाचवीत शिकवतो, सहावीत पुन्हा शिकवतो, सातवीत आणखी एकदा शिकवतो, आणि आठवीत बीजगणित सुरू झाले की मुलांना काहीच येत नाही म्हणून हळहळतो. या चार वर्षांतला वेळ कोणी मोजत नाही. मोडीला सुरुवातीस दिलेले काही तास त्यातूनच वसूल होतात.

दुसरी शंका अशी की, हातात गणकयंत्र आले, मोबाइल आला, दशांश चिन्हाने सगळे हिशेब होतात. मग अपूर्णांक हवेत कशाला? गणकयंत्राला १ भागिले ३ विचारले, तर ते ०.३३३३ लिहीत राहते आणि पडदा भरला की थांबते. तृतीयांश मात्र तृतीयांशच असतो. शिवाय प्रमाण, शेकडेवारी, संभाव्यता आणि पुढचे सारे बीजगणित अपूर्णांकांच्याच पाठीवर उभे आहे. यंत्र उत्तर देते. ते उत्तर संभवनीय आहे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. अर्ध्यात काही मिळवून अर्ध्याहून कमी उत्तर येणार नाही, हे ओळखण्याची शक्ती कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

आणि हा विषय केवळ मुलांचा आहे, असेही कोणी समजू नये. पीसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, १२०२ सालच्या आपल्या 'लिबेर अबाची' या ग्रंथात मोडीची एक रीत दिली आहे : दरवेळी बसेल तो सर्वांत मोठा एकांशी अपूर्णांक आधी काढून घ्यावा. चार पोळ्या पाच मुलांत वाटून पाहा. प्रत्येकाला अर्धी देता येते. दीड पोळी उरते. तिचे सहा चतकोर होतात. पाच वाटले, एक उरला. त्याचे पाच भाग केले. प्रत्येक भाग विसावा हिस्सा. म्हणून ४/५ = १/२ + १/४ + १/२०. वाटणी करणारे मूल नकळत फिबोनाचीच्याच वाटेने जात असते. आता अंश ४ ठेवून छेद कोणताही घ्यावा, दोन किंवा त्याहून मोठा. त्याची मोड नेहमी तीन एकांशी अपूर्णांकांत होईल काय? पॉल एर्डिश आणि अर्न्स्ट श्ट्राउस यांनी १९४८ साली, होईल, असा अंदाज वर्तवला. संगणकांनी अतिशय मोठ्या संख्यांपर्यंत तो पडताळून पाहिला आहे. परंतु सर्व संख्यांसाठी तो अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेला नाही. सहावीच्या मुलाला कळेल असा प्रश्न, आणि जगातले गणितज्ञ त्यापुढे थबकलेले! मुलांना हे अवश्य सांगावे. गणित म्हणजे संपून गेलेल्या उत्तरांचे पुस्तक नव्हे, एवढे तरी त्यांना त्यातून कळेल.

मित्रहो, अपूर्णांकांच्या पाठात मुलाला दोनच गोष्टी शिकावयास मिळू शकतात. एक तर, गणितात आपल्या बुद्धीला काही विचारू नये, सांगितलेली रीत निमूटपणे करावी. किंवा, आपल्या हातांना आणि डोळ्यांना जे खरे दिसते तेच फळ्यावरही खरे असते. पहिला धडा शिकलेले मूल गणितापासून दूर जाते आणि बहुधा परत येत नाही. दुसरा धडा देण्यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही खेड्यातल्या शाळेत उपलब्ध आहे : जुन्या वह्यांचा कागद, एक कात्री, आणि मुले वाटणी करीत असताना थोडा वेळ गप्प बसण्याची शिक्षकाची तयारी. ही तयारी घेऊन आपण आपापल्या वर्गात परत जावे, एवढीच माझी विनंती आहे.